आईबाबा आणि मूल, दोघांचा एकत्र वर्ग: हिस्पॅनिक वस्तीत काम सुरू करणाऱ्यांसाठी

ह्यूस्टन, डॅलस, सॅन होजे किंवा न्यू जर्सीत राहायला आलेली मराठी मंडळी वेळ मिळाला की जवळच्या लायब्ररीत, शाळेत, एखाद्या सेवाभावी संस्थेत मदतीला जातात. तिथे काम करायचं तर स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबांशी गाठ पडतेच. मेक्सिको, ग्वातेमाला, होन्दुरास, एल साल्वादोर, व्हेनेझुएलातून आलेले तरुण आईबाबा आणि त्यांची शाळेत न जाणारी लहान मुलं, या दोघांना एकत्र धरून चालणारे कार्यक्रम अमेरिकेत पन्नास वर्षांहून जास्त काळ चालू आहेत. अशा कार्यक्रमात नव्याने काम करणाऱ्यांसाठी, किंवा स्वतःच छोटा वर्ग उभा करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

मूळ रचना साधी आहे. एका खोलीत आई किंवा बाबा शिकतात, त्याच वेळी शेजारच्या खोलीत मूल शिकतं, आणि मग दोघं एकत्र बसून काहीतरी करतात. यातला एकही भाग गाळता येत नाही. मुलांची सोय नसेल तर आई येऊच शकत नाही. आईचा वर्ग नसेल तर ते पाळणाघर होतं. आणि एकत्र वेळ नसेल तर शिकलेलं वहीत राहतं, घरी पोचत नाही. आपल्याला अंगणवाडीची सवय असते, त्यामुळे मूल सोडून आई परत जाणार असं मनात बसलेलं असतं. इथे आई थांबते, आणि खरी विद्यार्थिनी तीच असते.

१. आधी बघा, जवळपास काय चालू आहे

नवं काही सुरू करण्याआधी दोन आठवडे फक्त चौकशीत घाला. तुमच्या गावात आधीच चांगला कार्यक्रम असेल तर दुसरा काढण्यापेक्षा त्यालाच हातभार लावणं कधीही चांगलं. ओळखीचे असावेत असे काही नमुने हे:

अवान्से. सॅन अँटोनिओत १९७३ पासून चालू, टेक्ससमध्ये पसरलेला. आठवड्यातून एकदा तीन तास, नऊ महिने. तीन वर्षांखालच्या मुलांचे पालक. खेळणी बनवणं, बालविकासाचा धडा आणि वस्तीतल्या सोयींची माहिती, असे त्याचे तीन भाग. एकत्र वर्गाचा इतका नीट बसवलेला नमुना दुसरा क्वचितच सापडेल. खालची मांडणी बरीचशी याच धाटणीची आहे.

हिप्पी. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात १९६९ मध्ये सुरू झालेला आणि १९८४ पासून अमेरिकेत आलेला. त्याच वस्तीतली प्रशिक्षित बाई घरी येते, आठवड्याचा धडा आईबरोबर नाट्यरूपात करून दाखवते (एक आई होते, एक मूल), आणि मग आई तो मुलाबरोबर करते. वर्षाला तीस धडे. ज्यांना वर्गापर्यंत येणं जमत नाही त्यांना इकडे पाठवावं.

अब्रिएन्दो पुएर्तास. लॉस एंजेलिसमध्ये २००७ साली लॅटिनो पालकांसाठी, त्यांच्याच भाषेत आणि रीतीत रचलेला दहा सत्रांचा अभ्यासक्रम. व्याख्यान नाही, गटचर्चा. त्यात म्हणी आणि खेळ यांचा भरपूर वापर. नवख्या संस्थेला नऊ महिन्यांचा पसारा झेपत नाही, म्हणून पहिल्या वर्षी दहा सत्रांचाच आवाका ठेवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. मात्र हाच अभ्यासक्रम घ्यायचा असेल तर त्यांचं प्रशिक्षण घ्या, कुणाची तरी पुस्तिका झेरॉक्स करून वापरू नका.

हेड स्टार्ट. १९६५ पासूनची केंद्र सरकारची योजना. तीन ते पाच वर्षांच्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी. तीन वर्षांखालची मुलं आणि गरोदर स्त्रियांसाठी अर्ली हेड स्टार्ट, आणि शेतमजूर कुटुंबांसाठी वेगळी शाखा आहे. तिच्या धोरण समितीत पालकांचं बहुमत असावं लागतं. वस्तीतले बोलते पालक शोधायचे असतील तर ते तिथे भेटतात.

वॉशिंग्टनमध्ये ब्रिया नावाची शाळा आहे. तिथे आईबाबा इंग्रजी शिकतात आणि मुलं त्याच इमारतीत पूर्वप्राथमिक वर्गात असतात. शक्य असेल तर अशा एखाद्या ठिकाणी एक पूर्ण सकाळ बसून या. माहितीपत्रकात न सापडणाऱ्या गोष्टी तिथे कळतात: बाबागाड्या कुठे लावतात, रडणाऱ्या मुलाला कोण उचलतं, उशिरा आलेल्या आईला कसं आत घेतात.

२. तुमचे स्वतःचे कागद

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल आणि कामाची परवानगी नसेल, तर फक्त खरंखुरं विनामोबदला काम करा, आणि तेही संस्थेत नेहमी स्वयंसेवकच करतात असं. प्रवासभत्त्याच्या नावाखाली ठरावीक रक्कम, दर महिन्याला गिफ्ट कार्ड, असं काही घेऊ नका. हिप्पीच्या घरभेटी देणाऱ्या बायका पगारी असतात, त्या जागेवर ‘मी फुकट करते’ म्हणून बसू नका. अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा योजनेच्या जागांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नका.

सोबत हे तयार ठेवा:
– पासपोर्ट, व्हिसाचे कागद, पत्त्याचा पुरावा
– पार्श्वभूमी तपासणीसाठी गेल्या पाच-सात वर्षांचे सगळे पत्ते, भारतातलेही
– लहान मुलांच्या सीपीआर आणि प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र (साधारण दोन वर्षं चालतं)
– दोन ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ, घरातले नकोत

तपासणीच्या ऑनलाइन अर्जात सोशल सिक्युरिटी नंबर मागतात आणि तो नसेल तर अर्ज पुढेच सरकत नाही. नवी मंडळी इथे अडकतात. खोटा किंवा नवऱ्याचा नंबर टाकू नका. संस्थेला आधीच विचारा, बहुतेक ठिकाणी बोटांचे ठसे किंवा कागदी अर्जाचा पर्याय असतो.

आणखी एक. मुलावर अत्याचार किंवा दुर्लक्ष होत असल्याचा सबळ संशय आला तर कळवण्याची जबाबदारी कायद्याने येते. टेक्ससमध्ये ती व्यवसाय न बघता प्रत्येकावर आहे. कुणाला आणि कसं कळवायचं हे पहिल्या दिवसाआधी विचारून घ्या.

३. जागा, वेळ, येण्याजाण्याची सोय

दोन खोल्या लागतात, एकमेकींना लागून. मधे मोठा व्हरांडा किंवा जिना असला की आईचं अर्धं लक्ष तिकडे जातं आणि मूल रडलं तर दोन्ही वर्ग विस्कटतात. शौचालय मुलांच्या खोलीजवळ हवं. पंधरा कुटुंबं म्हणजे पंधरा मोठी माणसं आणि साधारण वीस मुलं धरा, कारण बऱ्याच जणींबरोबर दोन असतात.

वेळ आठवड्यातल्या मधल्या वारी सकाळी ९ ते १२. मोठं मूल शाळेत सोडून आई थेट येते, आणि दुपारच्या आत मोकळी होते. बाबा हवे असतील तर (हवेतच) संध्याकाळी ६ चा वेगळा गट करा. बांधकाम आणि बागकामावरचे पुरुष पाच-साडेपाचला सुटतात, कामाच्या कपड्यांतच येतात, आणि त्यांना आधी जेवण लागतं. रविवार सकाळ टाळा, प्रार्थनेची वेळ असते.

कॅलेंडर आखताना शाळेच्या जिल्ह्याचं वेळापत्रक समोर घ्या. मग त्यावर या तारखा चढवा: १२ डिसेंबर (ग्वादालुपेची माता), १६ ते २४ डिसेंबर (पोसादा, नाताळाआधीचा उत्सव), ६ जानेवारी (तीन राजांचा दिवस), १० मे (मेक्सिकोतला मातृदिन). डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वर्ग ठेवूच नका. ३० एप्रिल हा मेक्सिकोत बालदिन, आणि १९९७ पासून अमेरिकेतल्या अनेक लायब्रऱ्या तो मुलं आणि पुस्तकांचा दिवस म्हणून साजरा करतात. पुढच्या गटाची नावनोंदणी सुरू करायला याहून चांगला दिवस नाही.

गाडीची सोय हा सगळ्यात नाजूक विषय. ‘मी घेऊन येतो त्यांना’ असं स्वयंसेवक प्रेमाने म्हणतात, पण मुलाच्या वयानुसार कार सीट नसेल तर ते बेकायदा आणि धोक्याचं आहे. टेक्ससमध्ये आठ वर्षांखालच्या मुलाला, ४ फूट ९ इंचांपेक्षा उंच नसेल तर, सुरक्षित सीट लागते. संस्थेचा विमा स्वयंसेवकाच्या खाजगी गाडीला लागू आहे का, हेही लेखी विचारा. चर्चची किंवा संस्थेची व्हॅन मिळवणं, किंवा चालत येता येईल अशी जागा निवडणं, हे दोनच पर्याय वर्षभर टिकतात.

४. कुटुंबांपर्यंत पोचणं

भिंतीवर पत्रक लावून कुणी येत नाही. विश्वासातल्या माणसाने सांगितलं तर येतात. त्या वस्तीतली प्रोमोतोरा, म्हणजे दारोदार फिरून आरोग्याची माहिती देणारी स्थानिक बाई, शोधा. टेक्ससमध्ये या कामासाठी १६० तासांचं प्रशिक्षण आणि सरकारी प्रमाणपत्र आहे, त्यामुळे तिथे त्या सापडतात. तिला बरोबर घेऊन या जागी जा: लाँड्रोमॅट, पानादेरिया म्हणजे बेकरी, चर्च, वुइक या पोषण योजनेचं केंद्र, आणि प्राथमिक शाळेची सकाळची सोडायची रांग. लाँड्रोमॅटमध्ये माणूस तासभर बसलेला असतो आणि मूल कंटाळलेलं असतं; तिथे जमिनीवर चटई टाकून मुलाला एक पुस्तक वाचून दाखवा, वर्गाबद्दल मग आपोआप विचारतात.

बोलताना ‘पालकत्व शिकवतो’ असं म्हणू नका. ऐकणाऱ्या आईला त्याचा अर्थ ‘तुला मूल वाढवता येत नाही’ असा लागतो. ‘मुलाची शाळेची तयारी आणि तुमच्यासाठी चार मैत्रिणी’ हे तिला पटतं, आणि ते खरंही आहे.

पंधरा कुटुंबं हवी असतील तर बावीस नावं लिहा. पहिल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकीला व्हॉट्सअॅपवर आवाजाचा निरोप पाठवा, लेखी नको. काहींना वाचायला अवघड जातं आणि त्या ते सांगत नाहीत.

५. नावनोंदणी: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

मराठी माणूस अर्ज भरताना नकळत एक चूक करतो. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव असा क्रम. त्यामुळे चार शब्दांचं नाव दिसलं की मधला शब्द ‘मिडल नेम’च्या रकान्यात जातो. स्पॅनिश पद्धतीत मात्र शेवटचे दोन्ही शब्द आडनावं असतात, पहिलं वडिलांकडून आणि दुसरं आईकडून. लोपेस गार्सिया हे एकच जोडआडनाव. ‘लोपेस’ मधल्या नावात टाकून ‘गार्सिया’ आडनाव लावलं, की त्या मुलाची लसीकरणाची नोंद सापडत नाही, शाळेत तो दुसराच मुलगा ठरतो, आणि आईला दोन ठिकाणी खेटे घालावे लागतात. आईबाबा आणि मुलाचं आडनाव वेगळं दिसेल, तेही बरोबर असतं. जन्मदाखल्यावर जसं आहे तसं, त्याच क्रमाने, दोन्ही शब्द आडनावाच्या रकान्यात लिहा.

दुसरी चूक तारखेची. त्यांच्याकडे आणि आपल्याकडे आधी दिवस, मग महिना. अमेरिकन अर्जात उलट. ०५/०८ असं लिहिलं तर ५ ऑगस्ट की ८ मे? अर्ज भरताना महिना अक्षरात लिहून घ्या. दीड वर्षाच्या मुलाच्या वयात तीन महिन्यांचा फरक पडला तर विकासाची पूर्ण वेगळी प्रश्नावली त्याच्यासमोर येते.

तुमच्या छोट्या वर्गासाठी इतकंच मागा:
– मुलाचं नाव, जन्मतारीख
– अॅलर्जी, औषधं
– दोन फोन नंबर, आणि मुलाला न्यायला येऊ शकतील अशा दोन माणसांची नावं
– लसीकरणाचं कार्ड, जागेच्या मालकाची अट असेल तरच

हेड स्टार्ट किंवा वुइकसाठी याशिवाय पत्त्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा आणि ओळखपत्र लागतं. पगार रोख मिळत असेल तर मालकाची चिठ्ठी किंवा स्वतःचं लेखी निवेदन चालतं का, ते त्या कार्यालयाला फोन करून विचारा. मेक्सिकन वकिलातीचं मात्रीकुला कार्ड अनेक ठिकाणी ओळखपत्र म्हणून घेतात.

व्हिसा, नागरिकत्व, देशात कसे आलात, हे विचारू नका आणि कुणी सांगितलं तरी लिहून ठेवू नका. जे कागदावर नाही ते कुणाच्या हाती लागत नाही. शाळा, चर्च, दवाखाने इथे इमिग्रेशनची कारवाई टाळण्याचं जुनं धोरण जानेवारी २०२५ मध्ये रद्द झालं, तेव्हापासून वर्गाला यायलाही लोक घाबरतात. म्हणून हजेरीपत्रक उघड्यावर टांगू नका, फोटो काढून फेसबुकवर टाकू नका, आणि पालकांचा व्हॉट्सअॅप गट करताना सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे आधी सांगा.

६. तीन तास कसे जातात

८:३० – खोली उघडा, चहा-कॉफी, गोड ब्रेड. बाबागाड्या भिंतीलगत.
९:०० – आई आणि मूल दोघंही मुलांच्या खोलीत, पंधरा मिनिटं. इथेच निरोप घ्यायचा.
९:१५ – आया त्यांच्या खोलीत. एका दिचोने, म्हणजे म्हणीने, सुरुवात. प्रत्येकीला ती आपल्या आजीकडून कशी ऐकली ते सांगायला लावा. यात दहा मिनिटं जातात आणि गप्प बसणारीही बोलते.
९:३० – बालविकासाचा धडा, ४५ मिनिटं. झोप, बोलणं, हट्ट, पुस्तक वाचणं.
१०:१५ – खेळणं बनवणं.
११:०० – पाहुणा: लायब्ररीतली बाई, दंतवैद्य, शाळेची नावनोंदणी करणारी. बोलणं वीस मिनिटं, प्रश्न दहा मिनिटं.
११:३० – आई आणि मूल एकत्र, नुकत्याच केलेल्या खेळण्याने खेळतात.
११:५० – जेवण, सगळे एकत्र.

घाईत हात मारला जातो तो साडेअकराच्या वेळेवर. पाहुणा लांबला, धडा लांबला, आणि एकत्र खेळण्याची वीस मिनिटं खाल्ली गेली. तसं होऊ देऊ नका. पाहुण्याला मधेच थांबवलेलं चालेल. या वीस मिनिटांत तुम्ही काय करायचं? शक्य तितकं कमी. आई मुलाला काय म्हणते ते ऐका, आणि नेमकं एक चांगलं तिला सांगा: ‘तुम्ही थांबलात आणि त्याने उत्तर दिलं.’ चूक दाखवायची वेळ ही नाही.

धडा देताना फळ्याजवळ उभं राहून शिकवू नका. विषय काढा आणि त्यांना विचारा की त्यांच्या घरी काय करतात. अंगाईगीतं, बोटांचे खेळ, कुशीत झोपवणं, यातलं बरंचसं त्यांच्याकडे आधीपासून आहे, आणि ते नाव घेऊन सांगितलं की बाई ताठ बसते. मोठ्यांशी बोलताना नेहमी ‘उस्तेद’ वापरा, ‘तू’ नको. वयाने मोठ्या बाईला नावाआधी ‘दोन्या’. आपल्या अहो-जाहोची सवय इथे कामी येते.

७. खेळण्याचा तास

हा तास गंमत म्हणून ठेवलेला नाही. हात कामात असले की तोंड मोकळं होतं, आणि दुकानातून काही न आणता मुलाला शिकवता येतं हे आई स्वतःच्या हातांनी बघते. पहिल्या तीन सत्रांत या दोन वस्तू घ्या.

खुळखुळा. अर्ध्या लिटरची पारदर्शक प्लास्टिक बाटली. एक वर्षाखालच्या मुलासाठी पाव लिटरची, कारण मोठी त्याच्या मुठीत मावत नाही. बाटली आदल्या रात्री धुऊन उलटी ठेवून पूर्ण वाळवा. ओल राहिली तर आतल्या तांदळाला आठवड्यात बुरशी येते. पाव भागापर्यंत तांदूळ, वर दोन-तीन रंगीत मोठे मणी. झाकणाच्या आट्यांना गोंद लावून घट्ट फिरवा, वर चिकटपट्टीचे तीन वेढे द्या, आणि मग तुम्ही स्वतः पूर्ण जोर लावून उघडायचा प्रयत्न करा. उघडलं तर परत. गोंदाची गरम पिस्तूल मुलांच्या खोलीत कधीच न्यायची नाही. बाटलीला चीर पडली की टाकून द्यायची, हे आईला सांगा.

कापडी पुस्तक. पंधरा सेंटिमीटरचे फेल्टचे सहा चौकोन, एका बाजूने शिवलेले. प्रत्येक पानावर घरातल्या माणसाचा फोटो प्लास्टिकच्या पारदर्शक खिशात. फोटो आई आठवडाभर आधी व्हॉट्सअॅपवर पाठवते, तुम्ही छापून आणता. तिकडे राहिलेले आजीआजोबा या पुस्तकात येतात. मग ती मुलाला विचारते, ‘दोन्दे एस्ता ला आबुएला?’ आजी कुठे आहे? मूल बोट ठेवतं. हे पुस्तक मुलं फाटेपर्यंत वापरतात.

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती जाणारी प्रत्येक वस्तू तपासा. अमेरिकन नियमाचं मोजमाप सव्वा इंच व्यासाची नळकांडी आहे. त्यात जे पूर्ण मावतं ते धोक्याचं. नळकांडी स्वस्तात मिळते, एक खिशात ठेवा. लोतेरियाच्या, म्हणजे चित्रांच्या हाऊजीच्या खेळात खुणेसाठी राजमा वापरायची पद्धत आहे, तो लहान मुलं असलेल्या खोलीत चालणार नाही. बाटलीच्या झाकणांचा मोह होतो, पण बरीच झाकणं या नळकांडीत मावतात, म्हणून मोठ्या डब्यांचीच घ्या. बटन बॅटरी असलेलं काहीही नको.

पंधरा कुटुंबांच्या एका सत्राला लागणारं सामान: बाटल्या १८ (तीन जादा), तांदूळ दोन किलो, गोंदाच्या ६ बाटल्या, चिकटपट्टी ५, बोथट कात्र्या १५, फेल्टचे चौकोन ९०, जाड सुया २०, दोऱ्याची ८ रिळं. सुया मोजून द्या, मोजून परत घ्या.

८. मुलांची खोली

तीन वर्षांखालच्या चार मुलांमागे एक मोठं माणूस, आणि एका गटात आठपेक्षा जास्त मुलं नाहीत. हे हेड स्टार्टचं प्रमाण आहे, तुमच्यावर बंधनकारक नसलं तरी तेच पाळा. म्हणजे वीस मुलांना तीन गट आणि किमान पाच, शक्यतो सहा माणसं. खोलीत कधीही एकटं मोठं माणूस नको. पालक त्याच इमारतीत असले तर बऱ्याच राज्यांत पाळणाघराचा परवाना लागत नाही, पण नियम राज्यागणिक बदलतो, म्हणून राज्याच्या परवाना विभागाकडून लेखी उत्तर घ्या.

पहिले तीन आठवडे रडारड असणारच. आईने चोरून सटकू नये, निरोप घेऊनच जावं. दहा मिनिटांत मूल शांत झालं नाही तर तिला बोलवा, लाजू नका. तिचा तुमच्यावरचा विश्वास याच आठवड्यांत ठरतो.

खाण्यात द्राक्षं उभी चार तुकडे करून, शेंगदाणे आणि पॉपकॉर्न नाही, एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नाही. मध लहान बाळाला चाटवायची पद्धत आपल्यासारखी तिकडेही आहे, त्यामुळे कारण सांगावं लागतं: त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे बाळाला बॉटुलिझम होऊ शकतो.

मुलांना खेळवणाऱ्यांनाही त्या दिवशीचा धडा माहीत असायला हवा. आयांच्या खोलीत ‘बोलणं’ विषय असेल तर इकडेही त्याच चित्रांची पुस्तकं.

९. भाषा

‘घरी इंग्रजीच बोला, नाहीतर मूल मागे पडेल’ हा सल्ला कुणी दिला असेल तर तो खोडून काढा. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येत नाही. आईने तिला सहज येणाऱ्या भाषेत भरपूर बोलावं. मराठी घरांनाही परदेशात हाच चुकीचा सल्ला मिळतो, तेव्हा हे तुम्हाला मनापासून सांगता येईल.

सगळे स्पॅनिशच बोलतात असं गृहीत धरू नका. ग्वातेमाला आणि दक्षिण मेक्सिकोतल्या काही घरांत माम, किचे, मिश्तेको अशा भाषा चालतात आणि स्पॅनिश दुसरी असते. हसून मान हलवणारी आई कदाचित अर्धंच समजत असते.

आठ-दहा वर्षांच्या मुलाला दुभाषा करू नका. विशेषतः आजारपण, पैसे किंवा घरातलं भांडण यांबद्दल बोलताना कधीच नाही.

१०. सल्ला कुठे थांबवायचा

मुलाच्या वाढीबद्दल शंका आली तर निदान करू नका. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं वाढीचे टप्पे नोंदवायचं मोफत अॅप स्पॅनिशमध्येही आहे, ते आईबरोबर भरा आणि तीन वर्षांखालच्या मुलासाठी राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शन, म्हणजे वाढीत मागे राहणाऱ्या लहान मुलांना मदत करणाऱ्या विभागाला कळवा. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आई स्वतः फोन करू शकते. कळवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि पहिली बैठक व्हावी असा नियम आहे; दिवस मोजा आणि चौथ्या आठवड्यात तिच्याबरोबर बसून पुन्हा फोन करा.

सरकारी शाळेत प्रवेशासाठी मुलाचा व्हिसा बघता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच ठरवलं आहे. वुइकसाठीही केंद्राच्या नियमात ही अट नाही. हेड स्टार्टबद्दल मात्र जुलै २०२५ मध्ये सरकारने निर्बंधाची सूचना काढली आणि राज्यं व संस्था न्यायालयात गेल्या, तेव्हा ऐकीव माहितीवर कुणाला ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ सांगू नका. त्या केंद्राला त्याच दिवशी फोन करा.

इमिग्रेशनचा एकही प्रश्न स्वतः सोडवू नका, आपल्याला एच-१बीची प्रक्रिया पाठ असली तरीही. त्यांची प्रकरणं पूर्ण वेगळी असतात आणि चुकीचा अर्ज भरला तर माणूस देशाबाहेर जाऊ शकतो. ‘नोतारियो’ अशी पाटी लावून पैसे उकळणारे प्रत्येक वस्तीत असतात. अनेक लॅटिन अमेरिकन देशांत नोतारियो हा कायदा शिकलेला माणूस असतो, इथला नोटरी फक्त सही प्रमाणित करतो. वकील, किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेला प्रतिनिधी, इतकेच दोन. त्यांची स्थानिक यादी छापून ठेवा.

११. गळती

चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात माणसं कमी होतात. दोनदा गैरहजर राहिली की त्याच दिवशी दुपारी फोन करा, तिसऱ्यांदाची वाट बघू नका. कारणं बहुतेक वेळा हीच निघतात: गाडी नाही, कामाची पाळी बदलली, मूल आजारी, घर बदललं, सासूला आवडत नाही. पहिल्या तिघांवर उपाय निघतो. सासूसाठी एक उपाय चांगला चालतो: तिलाच बोलवा. आजी वर्गात आली की सून सुटते, आणि अंगाईगीतं सांगायला तिच्यासारखं कुणी नाही.

नवऱ्याला वर्ग पटत नसेल तर तिच्याकडून निरोप पाठवू नका. संध्याकाळी बाबांच्या गटातल्या एखाद्याला त्याच्याशी बोलायला सांगा.

शेवटच्या सत्राला पदवीदान करा, टोपी आणि झगा घालून, आई आणि मूल दोघांना. हजेरी दहापैकी आठ असा निकष आधीच सांगून ठेवा आणि तो कुणासाठीही वाकवू नका. ज्यांनी बस बदलून येऊन तो पाळला त्यांचा तो मान आहे. त्याच दिवशी दोन-तीन आयांना पुढच्या गटासाठी विचारा. अवान्सेत वर्ग पूर्ण केलेल्या आया पुढे तिथेच कामाला लागल्या आहेत. पहिल्या गटानंतर आयांच्या खोलीत पुढे बसणारी बाई त्या वस्तीतलीच असावी, तिला तासाचे पैसे मिळावेत, आणि तेवढी रक्कम पहिल्याच अंदाजपत्रकात बाजूला काढलेली असावी.